लामवाल्या आप्पांची गिनती

दरवर्षी अकरा नोव्हेंबरला, दुपारी बरोबर साडेचार वाजता, आमच्या गल्लीतले लामवाले आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि हात आडवा धरून सगळी रहदारी थांबवत. रहदारी म्हणजे रानातून परतणाऱ्या म्हशी, दोन-तीन बैलगाड्या, डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया आणि असलोच तर मी.

"दोन मिनिटं कोनी हालू नका," आप्पा म्हणत.

"आप्पा, मन्हा डोकावर वझं शे," एखादी बाई कुरकुरे.

"तठे गडीसना डोकावर बी वझंच व्हतं. थांब माय."

बाई थांबे. गाडीवान थांबत. म्हशी मात्र थांबत नसत, आणि आप्पा त्यांना बोलत नसत. म्हशी भरतीच्या यादीत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या काळी सगळीकडे हा दिवस सकाळी अकरा वाजता पाळत. महायुद्धातल्या तोफा त्या दिवशी अकराला बंद झाल्या, म्हणून. आमच्या चावडीवरही मामलेदार साहेब येऊन अकरालाच उभे राहत. आप्पा तिकडे फिरकत नसत. "तोफा बंद व्हयनात तवय तठे अकरा वाजेल व्हतात," ते मला समजावून सांगत. "तवय आपला आठे साडेचार व्हतात. आपला अकरा वाजतस तवय तठे गडी झोपेल ऱ्हातस. झोपेल मानूसले सलामी कसानी?" मी कॉलेजात भूगोल शिकून आल्यावर हा हिशोब ताडून पाहिला. तो बरोबर निघाला. मामलेदार साहेब चुकत होते आणि आमचे आप्पा बरोबर होते.

रस्ता थांबला की आप्पा हजेरी घेत. आमच्या गावातून युद्धावर आप्पांखेरीज नऊ माणसे गेली होती. त्यातले आठ परत आले. आप्पा एकेकाचे नाव पुकारत आणि तो 'हाजर' म्हणे. पुढे हे आठही जण एकेक करून वारले आणि आप्पा एकटे उरले. तेव्हापासून ते स्वतःच पुकारत आणि स्वतःच, आवाज थोडा बदलून, 'हाजर' म्हणत. आठ नावे झाली की गप्प उभे राहत. तीच ती दोन मिनिटे. त्या वेळात त्यांचे उजवे कोपर मधूनच बाहेरच्या बाजूला हले. वाताचा त्रास असेल, असे आम्ही समजत होतो. मग ते खिशातले घड्याळ पाहत आणि दरवर्षी तेच म्हणत, "गिनती पुरी नही. सुटी."

लाम म्हणजे आमच्याकडे लढाईची आघाडी. आप्पांचे खरे नाव नथू. ते फ्रान्सला गेले होते, पण सैनिक म्हणून नव्हे, मजुरांच्या पलटणीत. त्यामुळे लढाईच्या गोष्टी ऐकायला त्यांच्या ओट्यावर आलेल्यांची फार निराशा होई.

"आप्पा, बंदूक चालवनी का?"

"फावडं चालाडं."

"मंग देखं काय तठे?"

"चिखल."

"आनि गोऱ्या मडमा?"

"चिखलना मांगे व्हत्यात. दिसन्यात नही."

एवढ्यावर फ्रान्स संपे.

लामवरून त्यांनी तीन गोष्टी आणल्या. एक ते घड्याळ, दुसरी पेटीत ठेवलेली बुटांची जोडी आणि तिसरी मोजण्याची सवय. जिथे चार माणसे जमत तिथे आप्पा मोजत. लग्नाची वरात निघताना मोजत, पोचल्यावर मोजत आणि पंगत बसली की पुन्हा मोजत. एकदा तापी उतरून पलीकडे वरात गेली तर एक माणूस जास्त भरला. आप्पांनी नवरदेवासकट सगळ्यांना वाळूत उभे केले. अर्ध्या घटकेने कळले की दुसऱ्याच गावचा एक भला माणूस जेवणाच्या आशेने येऊन मिळाला होता. आप्पांनी त्याला हाकलले नाही. "येऊ द्या, पन गिनतीमा धरा," एवढेच म्हणाले.

"एकदा मोजल्यावर परत का मोजता?" असे विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले असे. "मानसं हालतस. परत मोजनं पडस."

मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो तेव्हा नंदुरबार स्टेशनापर्यंत बैलगाडीतून माझ्याबरोबर आप्पा आले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी अक्षर ओळखत नव्हते, त्यामुळे काय उपदेश करायचा हे वडिलांना सुचत नव्हते. आप्पांनी गाडीत सामान मोजले आणि म्हणाले, "चार नग शेत. तू धरीसन पाच. परत येशी तवय पाच पाहिजेत." बी.ए. होऊन परत आलो तेव्हा गावात माझा सत्कार झाला, भाषणे झाली. आप्पांनी गर्दीतून पुढे येऊन माझ्याकडे आणि माझ्या सामानाकडे पाहिले आणि "पाच" म्हणून निघून गेले. इतका आनंद मला पदवी हातात घेतानाही झाला नव्हता.

आता पाटीची हकीकत.

आमच्या चावडीच्या भिंतीत सरकारने एक संगमरवरी पाटी बसवली होती. तिच्यावर कोरले होते, 'या गावातून दहा माणसे महायुद्धास गेली. त्यांपैकी एकाने आपले प्राण दिले.' नाव कुणाचेच नव्हते. सरकारला आकडा पुरेसा होता आणि गावालाही पुरत होता. तो 'एक' म्हणजे पाटलांचे धाकटे भाऊ सखाराम, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या एकाच्या जोरावर आमचे गाव राजनिष्ठ समजले जाई. मामलेदार आले की थोरले पाटील लाल पगडी घालून पाटीशेजारी उभे राहत. 'आमच्या घरचा एक गेला' असे म्हणून डोळे पुसत. मग पेढे वाटले जात.

दिवस बदलले. थोरले पाटील वारले, त्यांचे चिरंजीव जिभाऊ पाटील झाले. चळवळ गावात आली तशी त्यांची पगडी खुंटीवर गेली आणि डोक्यावर पांढरी टोपी आली. आप्पा आता झेंडावंदनालाही जाऊ लागले. झेंड्याकडे पाठ करून माणसे मोजत, म्हणून चळवळीतली मंडळी त्यांना 'सरकारी' म्हणत. एकदा फौजदारांनी त्यांना बोलावून विचारले की मिरवणुकीत किती माणसे होती. गावात नेमका आकडा त्यांच्याकडेच होता.

"गिनती मन्ही शे," आप्पा म्हणाले. "सरकारनी गिनती सरकारनी करवी."

तेव्हापासून सरकारही त्यांना आपले म्हणेना.

देश स्वतंत्र झाला. पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गावात स्मारक समिती निघाली. अध्यक्ष जिभाऊ, आणि अक्षर चांगले म्हणून चिटणीस मी, गावच्या शाळेचा मास्तर. चळवळीत तुरुंगात गेलेल्यांची पाटी बसवायची होती. तसा दगड तेव्हा कुठे मिळेना. शेवटी जिभाऊंनीच तोड काढली. चावडीतली पाटी उपटायची, उलटी करायची, मागच्या कोऱ्या बाजूवर नवा मजकूर कोरायचा आणि जुनी बाजू भिंतीकडे करून पुन्हा बसवायची.

"गुलामीनी निशानी भिताडमा जाई आनि स्वातंत्र्य बाहेर येई," ते म्हणाले. मग सभा आहे हे आठवून त्यांनी तेच वाक्य शुद्ध मराठीत पुन्हा सांगितले.

मजकूर कसा असावा हे कुणालाच सुचेना, म्हणून जुन्याच पाटीवरून उतरवला. 'या गावातून अमुक माणसे तुरुंगात गेली.' वाद झाला तो आकड्यावर. कुणी सहा म्हणे, कुणी सात. सातवे गृहस्थ बिनतिकीट प्रवासात पकडले गेले होते, पण पकडले तेव्हा डोक्यावर टोपी पांढरी होती, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी आप्पांना बोलावले.

"पोलिसनी गाडीमा सहा चढनात," आप्पा म्हणाले. "सहाच उतरनात."

सहा हा आकडा एकमताने मंजूर झाला.

पाटी उलटी करायची ही गोष्ट आप्पांना सांगायचे काम माझ्यावर आले. मला धास्ती वाटत होती. वर्षातला त्यांचा एकच सण त्या लढाईचा, आणि गावात तिची खूण ती पाटीच. मी ओट्यावर बसलो, बरेच आढेवेढे घेतले आणि सांगून टाकले.

आप्पा भाकरी भाजत होते. त्यांनी ती उलटली.

"फिरवा ना," ते म्हणाले. "मन्ही हरकत नही. पन भिताडकडे करवाना आंगोदर जुनी बाजूवर एक नाव लिखा."

"आप्पा, ती बाजू भिंतीत जाणार. कुणाला दिसणार नाही."

"नही दिसू दे. लिखेल पाहिजे."

"कुणाचं? सखारामबाबांचं?"

"सखाराम कसाले? तो तं येस ना आखाजीले आंबा खावाले."

मला काही उलगडेना. "कोण येतं?"

"व्यारावाला."

जिभाऊंकडे दर आखाजीला एक म्हातारे गृहस्थ येत. तिकडे गुजरातेत व्याऱ्याला त्यांचे घासलेटचे दुकान होते. सगळी मुले त्यांना व्यारावाले मामा म्हणत. आमरस ओरपण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. एका वर्षी दिवाळीला येऊन त्यांचा मुक्काम लांबला आणि ते चावडीवरच्या कार्यक्रमालाही उभे राहिले होते. मान खाली घालून दोन मिनिटे गप्प उभे होते, आणि नंतर दोन पेढे खाल्ले होते. ते स्वतःच्याच श्रद्धांजलीचे पेढे होते, हे मला आज कळत होते.

"मग लामवर गेलं कोण?" मी विचारले.

"दित्या."

आप्पांनी सांगितले ते असे. भरतीच्या वेळी पाटलांच्या घरातून एक माणूस देणे भाग होते. सखारामचे नाव यादीत घालून यादी कचेरीत गेली, आणि त्याच आठवड्यात सखाराम व्याऱ्याला सासरी पळाला. पाटलांकडे दित्या नावाचा सालदार होता, तळोद्याच्या वरच्या डोंगरातला, बोलायला लाजणारा. दितवारी, म्हणजे रविवारी जन्मला म्हणून दित्या. पाटलांनी त्याला सांगितले, इथेही फावडे आहे आणि तिथेही फावडेच आहे. यादी एकदा कचेरीत गेली की माणूस बदलता येतो, यादी बदलता येत नाही. म्हणून दित्या गेला तो सखाराम म्हणून.

"सांजले हाजरी व्हये," आप्पा म्हणाले. "हवालदार पुकारे, सखाराम. तो गप. त्याले आठवेच नही का तो सखाराम शे. मन्हा उजवा हातले उभा ऱ्हाये तो. मी त्याले कोपर मारू. मंग तो म्हने, हाजर. रोज. दीड वरीस."

मी त्यांच्या उजव्या कोपराकडे पाहिले. ते भाकरी थापत होते.

"हिवाळामा खोकला लागना त्याले. ताप उना. आठ दिनमा गया. तठे माटी दिधी, वर लाकूड रोवं, त्यावर बी सखारामच लिखेल शे. तठे बी नाव नही, आठे बी नही. हाऊ मानूस गया कोठे मंग?"

"तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"थोरला पाटीलना हुकूम व्हता, बोलू नको. गावले माहीत व्हतं, गाव बी बोलनं नही." त्यांनी भाकरी निखाऱ्यावर टेकवली. "आते पाटील गया, इंग्रज बी गया. हुकूम ऱ्हायना कोठे?"

"मग बाकीच्या आठांचं 'हाजर' तुम्ही म्हणता, तसं दित्याचंही म्हणायचं."

"त्या आठ गावमा मरनात, मी खांदा दिधा. त्या कोठे शेत माले म्हाईत शे. याना हाजर मी कसा देवू?"

मी जिभाऊंकडे गेलो. ते आधी शुद्ध मराठीत बोलले. ठरावात असा विषय नाही, इतिहासाची मोडतोड करता येत नाही, वगैरे. मी म्हणालो, ती बाजू भिंतीत जाणार आहे, कुणाला कळणारही नाही. तेव्हा ते अहिराणीवर आले.

"मास्तर, तीस वरीस गाव म्हनी ऱ्हायनं का पाटीलना घरना एक गया. आज म्हनू का सालदार गया? मन्हा बाप डोया पुसे तठे. तो काय खोटा रडे?"

 माझ्या शिक्षणाचा उपयोग होईल असे वाटणारे हे पहिलेच काम, आणि मी मुकाट्याने परत आलो.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तळोद्याचा पाथरवट आला. त्याने पाटी काढून चावडीच्या अंगणात बाजेवर ठेवली आणि कोऱ्या बाजूवर सहा माणसांचा मजकूर कोरून काढला. अक्षरे मी गेरूने आखून दिली होती. आता उचलून बसवायची तेवढी बाकी होती. जिभाऊ उभे होते, समिती उभी होती, आणि व्यारावाले मामा सकाळचा आमरस झाल्यामुळे सावलीत टेकले होते. आप्पा आले. पायात लामचे बूट होते. इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या पायात पाहिले नव्हते.

 आप्पा पाटीजवळ येऊन उभे राहिले आणि जमलेली माणसे मोजू लागले. मोजता मोजता मामांपाशी येऊन थांबले.

"तुले कसामा धरू रे सखाराम?" त्यांनी विचारले. "जितामा का मरेलमा?"

अंगणात कुणी हालले नाही. तरुण मंडळींना अर्थ कळला नाही आणि म्हाताऱ्यांनी तो कळल्याचे दाखवले नाही. जिभाऊंचा चेहरा उतरला. मामांनी मिशांना लागलेला रस उपरण्याने पुसला.

"जिभा," ते पुतण्याला म्हणाले, "लिखू दे."

"काका, लोके काय म्हनतीन?"

"तीस वरीस मी मरेल शे. दुकानवर कोनी खानदेशना गिऱ्हाईक उना का मी गोदाममा दपी बसस. चोरना मायक आंबा खावाले येस. लिखू दे बापा, माले आते जितं व्हवू दे."

जिभाऊंनी पाटीवरची दगडाची भुकटी हाताने झाडली. मग म्हणाले, "मास्तर, काढा अक्षर." हे वाक्य त्यांनी शुद्ध मराठीत म्हटले की अहिराणीत, हे मला आज आठवत नाही.

पाटी उलटली. 'एकाने आपले प्राण दिले' या ओळीखाली थोडी जागा होती. मी गेरू घेऊन बसलो.

"बापाचं नाव काय होतं?"

"म्हाईत नही," आप्पा म्हणाले.

"गाव?"

"डोंगरमा. त्याना बोट दखाडे तिकडे."

मी नुसते 'दित्या' लिहिले. पाथरवटाने ते कोरले. आप्पांनी कोरलेल्या खाचांतून एकदा बोट फिरवले. त्यांना वाचता येत नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. मग पाटी उचलून भिंतीत बसवली, चुना भरला. आता चावडीवरची पाटी वाचणाऱ्याला आमचे गाव स्वातंत्र्याचे म्हणून दिसते, तीच भिंत आणि तोच दगड असून. मागच्या बाजूला कोण आहे हे तिथे जमलेल्या पंधरावीस माणसांना ठाऊक आहे. पंधरा की वीस, ते आप्पा सांगतील.

त्या वर्षी अकरा नोव्हेंबरला मी शाळा लवकर सोडून साडेचारच्या आधी गल्लीत आलो. आप्पा रस्त्यात उभे होते. म्हशी गेल्या. गाड्या थांबल्या. मोळ्या घेतलेल्या बाया थांबल्या. आप्पांच्या उजव्या हाताला व्यारावाले मामा उभे होते. आंब्याचे दिवस नव्हते तरी आले होते, आणि मुख्य रस्त्याने, भर दिवसा चालत आले होते.

आप्पांनी आठ नावे पुकारली, आठांचे हाजर दिले. मग घसा साफ केला.

"दित्या."

 मामा समोर पाहत होते.  आप्पांचे उजवे कोपर बाहेर आले आणि मामांच्या बरगडीत बसले. मामा दचकले.

"हाजर," ते म्हणाले.

आप्पांनी घड्याळ काढले, पाहिले आणि परत खिशात ठेवले. दरवर्षीचे वाक्य आता म्हणता येणार नव्हते आणि दुसरे त्यांनी तयार केलेले नव्हते. ते नुसते उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. 

"आप्पा," मोळी घेतलेली बाई म्हणाली, "सुटी शे का नही?"

"थांब माय," आप्पा म्हणाले.  "परत मोजू दे. मानसं हालतस."

आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा हजेरी घेतली. दुसऱ्या वेळी सखारामबाबांना कोपराची गरज नव्हती. आप्पांनी तरीही मारले.